दुसरी पाइपलाइन न बसवता इमेज प्रोसेसिंगमधला बिघाड पकडायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं जोडता येणारी चिप) आणि एआरएम प्रोसेसर एकत्र असलेल्या बोर्डवर १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेमची पाइपलाइन, म्हणजे इमेज प्रोसेसिंगच्या टप्प्यांची साखळी, चालते. कॅमेरा, डीबेयर (सेन्सरच्या कच्च्या डेटातून रंगीत चित्र बनवणं), ३×३ गाउसियन (चित्र मऊ करणारा फिल्टर), सोबेल (कडा शोधणारा फिल्टर), थ्रेशोल्ड (मर्यादेवरचे पिक्सेल पांढरे, बाकीचे काळे) आणि शेवटी एकमेकांना जोडलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या प्रत्येक तुकड्याला लेबल देणं. चिपवर जेमतेम दहा टक्के जागा उरली आहे. चुकीचा निकाल गुपचूप पुढे जाऊ नये, तर काय करावं?

सगळं हार्डवेअर दुप्पट लावून तुलना करायची म्हणजे शंभर टक्क्यांहून जास्त खर्च. तिप्पट लावून बहुमत घ्यायचं म्हणजे दोनशेहून जास्त. दहा टक्क्यांत यातलं काहीच बसणार नाही आणि बहुतेक ठिकाणी त्याची गरजही नसते. गुणाकार बरोबर आला का हे बघायला आपण तो पुन्हा करत नाही, ताळा करून पाहतो. इमेज प्रोसेसिंगच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याला असा एखादा स्वस्त ताळा असतो. तो कुठे बसवायचा आणि कुठे तो फसतो, खरं काम तेवढंच आहे.

आधी कशाला जपायचं ते ठरवा. फ्रेम बफरमधल्या, म्हणजे अख्खी फ्रेम साठवणाऱ्या मेमरीतल्या, एका ८ बिटी पिक्सेलचा सर्वांत वरचा बिट उलटला, तर त्या पिक्सेलमध्ये १२८ ची चूक होते. पण १९२०×१०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेलच्या फ्रेमवर तिचा पीएसएनआर (चित्र मूळ चित्राच्या किती जवळ आहे याचं माप, जास्त तितकं चांगलं) सुमारे ६९ डेसिबल येतो. म्हणजे चित्र जवळजवळ निर्दोष! म्हणून पीएसएनआर किंवा सरासरीसारखी मापं बिघाड पकडायला निरुपयोगी आहेत. शिवाय तो पिक्सेल ३३ मिलिसेकंदांनी पुढच्या फ्रेमखाली गाडला जातो. तोच बिट गाउसियनच्या गुणकात (शेजारच्या पिक्सेलांना ज्या संख्यांनी गुणतात त्यांपैकी एकीत), थ्रेशोल्डच्या रजिस्टरमध्ये (चिपमधली एक संख्या साठवणारी जागा) किंवा ओळीच्या रुंदीत उलटला, तर पॉवर बंद करेपर्यंत प्रत्येक फ्रेम चुकते. चूक किती काळ टिकते आणि किती पिक्सेलांना शिवते, त्या प्रमाणात पहाऱ्याचा खर्च करा.

या हिशेबाने पहिला क्रमांक कॉन्फिगरेशनचा. गुणक, थ्रेशोल्ड, रुंदी-उंची, डीएमएचे (प्रोसेसरशिवाय डेटा मेमरीत हलवणाऱ्या सर्किटचे) पत्ते, गॅमा टेबल (प्रत्येक उजेडाच्या मूल्याला बदली मूल्य देणारी यादी) या सगळ्यांवर दर फ्रेमच्या सुरुवातीला एक सीआरसी-३२ (डेटा बदलला का हे सांगणारा ३२ बिटांचा ताळा) काढा आणि लिहिताना साठवलेल्या मूल्याशी ताडून बघा. रजिस्टरं दोनशे असली तरी हे एका मिलिसेकंदापेक्षा बरंच कमी वेळाचं काम आहे. एआरएमव्ही८ पिढीच्या बहुतेक प्रोसेसरांत सीआरसी-३२ च्या स्वतंत्र सूचना आहेत, त्या वापरा. मात्र रजिस्टरची प्रोसेसरकडची छाया-प्रत तपासून उपयोग नाही, हार्डवेअरमधून वाचूनच सीआरसी काढायचा. छाया-प्रत बरोबर आणि हार्डवेअर चुकीचं, हीच तर पकडायची गोष्ट आहे. एसरॅमवर (पॉवर असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीवर) आधारित एफपीजीएत खुद्द सर्किटची जोडणीही मेमरीत असते, तिथला बिट उलटला तर गाउसियनचा भलताच काहीतरी फिल्टर होतो. झायलिंक्सच्या ७ मालिकेतल्या एफपीजीएत कॉन्फिगरेशन वाचून सीआरसी तपासण्याची सोय चिपमध्येच आहे. ती बंद ठेवणं म्हणजे फुकटचा पहारेकरी झोपवणं.

दुसरा क्रमांक वाहतुकीचा. कॅमेरा सीएसआय-२ (कॅमेरा जोडण्याचं एक प्रमाणित इंटरफेस) ने जोडलेला असेल तर प्रत्येक ओळीच्या पॅकेटच्या शेवटी १६ बिटांचा सीआरसी आणि हेडरवर ईसीसी (चूक दुरुस्त करू शकणारे जादा बिट) आधीपासूनच असतं. रिसीव्हर चुका मोजत असतो, पण ते मोजमाप कोणी वाचतच नाही असं सर्रास दिसतं. दर फ्रेमला वाचा. रिसीव्हरच्या पुढे, डीडीआरमध्ये (बोर्डवरच्या मुख्य मेमरीत) जाताना-येताना मात्र हे संरक्षण संपतं. तिथे डीएमएच्या दोन्ही टोकांना ओळीगणिक सीआरसी लागतो.

वाहतुकीतला सर्वांत फसवा बिघाड म्हणजे गोठलेली फ्रेम. चित्र सुंदर दिसतं, पण ते मघाचं असतं. त्यावर तीन उपाय आहेत. सेन्सर चित्रासोबत पाठवतो त्या माहितीच्या (एम्बेडेड) ओळीतला फ्रेम-क्रमांक दर वेळी एकने वाढतो का पाहा. डीएमए सुरू करण्याआधी बफरच्या शेवटच्या ओळीत एक ठरलेला नमुना लिहून ठेवा आणि ‘फ्रेम पूर्ण’ असा इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) आल्यावर तो पुसला गेला का ते बघा. आणि लागोपाठच्या दोन फ्रेमचे सीआरसी सारखे आले तर शंका घ्या, कारण सेन्सरच्या नॉइजमुळे जिवंत कॅमेऱ्याच्या दोन फ्रेम बिट न् बिट सारख्या येत नाहीत. हा शेवटचा नियम कच्च्या डेटावरच लावा. नॉइज काढून टाकल्यानंतर, किंवा चित्र पूर्ण काळं वा पूर्ण पांढरं असताना, तो खोटी ओरड करेल.

कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची लहान वेगवान मेमरी, साफ न केल्याने होणारी गडबड डोळ्यांनीही ओळखता येते. बफरमध्ये जुन्या फ्रेमचे आडवे तुकडे दिसतात आणि त्यांची लांबी ठरलेली असते. ६४ बाइटची कॅश लाइन (कॅशमध्ये एका वेळी हलणारा तुकडा) असेल तर ८ बिटी करड्या चित्रात ६४ पिक्सेल, १६ बिटीत ३२, आणि चार बाइटच्या रंगीत पिक्सेलात १६. तुकडे याच पटीतल्या जागी सुरू होत असतील तर मेमरी चिपला दोष देऊ नका, ड्रायव्हर तपासा.

आता फिल्टर. १९८४ मध्ये हुआंग आणि अब्राहम यांनी मॅट्रिक्सच्या गुणाकाराला बेरजेचा ताळा लावण्याची पद्धत मांडली. कन्व्हॉल्यूशनला, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांना गुणकांनी गुणून बेरीज करणाऱ्या फिल्टरला, ती अगदी चपखल बसते: आउटपुटची बेरीज = गुणकांची बेरीज × इनपुटची बेरीज. एका ओळीवर करून पाहू. इनपुट १०, २०, ३०, ४० आणि गुणक १, २, १. कडांबाहेर शून्य धरून पूर्ण आउटपुट येतं १०, ४०, ८०, १२०, ११०, ४०. त्याची बेरीज ४००. इनपुटची बेरीज १००, गुणकांची ४. ताळा जुळला. ८० मधला ३२ किमतीचा बिट उलटून ११२ झाले तर बेरीज ४३२ येते आणि चूक उघडी पडते.

प्रत्यक्षात आउटपुट इनपुटएवढंच ठेवतात, म्हणजे कडेचे १० आणि ४० गळतात आणि बेरीज ३५० उरते. गळालेले ५० वजा करायला पहिला आणि शेवटचा पिक्सेल लक्षात ठेवावा लागतो. ३×३ च्या १-२-१ गाउसियनला ही दुरुस्ती अशी: पहिली व शेवटची ओळ, पहिला व शेवटचा स्तंभ या चारही बेरजा एकत्र करून ४ ने गुणा आणि त्यातून चार कोपऱ्यांची बेरीज वजा करा. जे उरेल तेवढं एकूणातून कमी करायचं. पण कडेला शून्याऐवजी कडेचाच पिक्सेल पुन्हा वापरत असाल, तर १-२-१ साठी दुरुस्तीच लागत नाही. वरच्याच उदाहरणात आउटपुट ५०, ८०, १२०, १५० येतं, बेरीज पुन्हा ४००. गाउसियनसाठी कडेचा हा प्रकार निवडा, तपासणीचं सर्किट लहान होतं. सोबेलला ही सवलत नाही.

बहुतेकांचा ताळा इथपर्यंत जुळतो आणि पुढे भागाकारापाशी चुकतो. ४०, ८०, १२०, ११० ला ४ ने भागून पूर्णांक ठेवले की १०, २०, ३०, २७ मिळतात. त्यांची बेरीज ८७, आणि ८७×४ = ३४८. मूळ ३५० शी जुळत नाही. मग लोक ‘थोडा फरक चालेल’ म्हणून मर्यादा ढिली करतात. वीस लाख पिक्सेलांवर ती मर्यादा इतकी ढिली होते की तिच्यातून हत्ती जाईल. मर्यादा ढिली करू नका. शिफ्टमध्ये, म्हणजे भागाकारासाठी बिट सरकवताना, टाकून दिलेले खालचे बिट वेगळे बेरजेत घ्या: इथे ते २ आहेत, ३४८ + २ = ३५०. ताळा अचूक, एकाचाही फरक नाही. सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे मूल्य कमाल मर्यादेवर अडवताना, कापला गेलेला जास्तीचा भागही असाच वेगळा मोजायचा.

बेरीज ओव्हरफ्लो होईल ही भीती मात्र अनाठायी आहे. पूर्णांकी गणितात दोन्ही बाजू ३२ बिटांवर सारख्याच वळसा घेतात, त्यामुळे तुलना खरीच राहते. तसंही ८ बिटी १०८०पी फ्रेमची सर्वांत मोठी बेरीज ५२,८७,६८,००० आहे, ती २९ बिटांत मावते.

खर्च किती? इनपुटला पिक्सेलमागे एक बेरीज, आउटपुटला एक. सर्वसाधारण ३×३ फिल्टरला ९ गुणाकार आणि ८ बेरजा लागतात, म्हणजे १७ मागे २, सुमारे १२ टक्के. ५×५ ला ४९ मागे २, सुमारे ४ टक्के. एफपीजीएवर गुणाकार मोठे आणि बेरजा लहान, म्हणून प्रत्यक्ष जागा याहून बरीच कमी लागते. फिल्टर जितका मोठा तितका ताळा स्वस्त.

सोबेलपाशी वेगळाच सापळा आहे. त्याच्या गुणकांची बेरीज शून्य, म्हणून आउटपुटची बेरीजही शून्यच यायला हवी. छान वाटतं, पण लाइन बफरमध्ये (फिल्टरला लागणाऱ्या आधीच्या ओळी साठवणाऱ्या मेमरीत) शिरतानाच पिक्सेल बिघडला तर त्याचा परिणाम सगळ्या गुणकांतून जातो आणि एकूण परिणाम पुन्हा शून्य! १०, २०, ३०, ४० वर १, ०, −१ चालवा: १०, २०, २०, २०, −३०, −४०. बेरीज ०. वीसचे ५२ झाले तरी बेरीज ० च राहते. उपाय म्हणजे स्थानाने भारित बेरीज. प्रत्येक आउटपुटला त्याच्या क्रमांकाने (० पासून) गुणून बेरीज करा: ० + २० + ४० + ६० − १२० − २०० = −२००. या गुणकांसाठी ही संख्या नेहमी इनपुटच्या बेरजेच्या −२ पट असते. बाहेर मोजलेली बेरीज १०० असताना आतला पिक्सेल ५२ झाला असेल, तर इथे −२६४ येतात आणि चोरी पकडली जाते.

क्रमांकाने गुणायला गुणाकाराचं सर्किट लागत नाही. पहिल्या बेरीज-रजिस्टरची चालू किंमत दर क्लॉकला दुसऱ्या रजिस्टरमध्ये मिळवत गेलात की भारित बेरीज आपोआप तयार होते, फक्त क्रमांक उलटे मोजले जातात. हीच भारित बेरीज गाउसियनलाही लावा. लाइन बफरचा पत्ता चुकून दोन पिक्सेलांची किंवा ओळींची अदलाबदल झाली, तर साधी बेरीज तशीच राहते आणि ताळा खुशाल जुळतो. स्तंभांच्या अदलाबदलीला ओळीतला क्रमांक पुरतो, ओळींच्या अदलाबदलीला ओळीचा क्रमांकही भार म्हणून घ्यावा लागतो.

ताळा अख्ख्या फ्रेमला एकच न ठेवता १६ ओळींच्या पट्टीमागे ठेवा. चूक अर्ध्या मिलिसेकंदात कळते आणि पुन्हा करायचं झालं तर एवढीच पट्टी करावी लागते. पट्टीच्या वरच्या-खालच्या ओळींची देवघेव मात्र हिशेबात धरायला विसरू नका.

सोबेलच्या दोन दिशांचं मापन एकत्र केलं की रेषीयपणा संपतो, बेरजेचा ताळा तिथे थांबतो. पुढच्या टप्प्यांना त्यांचे त्यांचे नियम आहेत. हिस्टोग्रामच्या (कोणत्या मूल्याचे किती पिक्सेल आहेत या मोजणीच्या) सगळ्या खणांची बेरीज २०,७३,६०० च यायला हवी. ती कमी आली तर बहुधा लागोपाठचे दोन पिक्सेल सारखे आले आणि ब्लॉक रॅममधलं (एफपीजीएच्या आतल्या मेमरीतलं) जुनंच मूल्य वाचून एक मोजणी हरवली. हा बिघाड नाही, डिझाइनची चूक आहे, पण ताळ्याने तीही सापडते. गॅमा टेबलचा ताळा तर फुकटच आहे: प्रत्येक खणातली संख्या गुणिले टेबलातलं मूल्य, अशा २५६ गुणाकारांची बेरीज आउटपुटच्या बेरजेशी तंतोतंत जुळली पाहिजे. थ्रेशोल्डनंतरचे पांढरे पिक्सेल म्हणजे हिस्टोग्राममधल्या त्या मर्यादेवरच्या खणांची बेरीज. लेबल दिल्यानंतर सगळ्या तुकड्यांच्या क्षेत्रफळांची बेरीजही तेवढीच. एकच आकडा तीन टप्प्यांतून तपासला जातो.

लेबलमध्ये एक भोक राहतं. दोन वेगळे तुकडे चुकून एक झाले तर क्षेत्रफळांची बेरीज बदलत नाही. तिथे ऑयलर संख्या कामी येते. चित्राला भोवती काळी किनार धरून २×२ ची चौकट सगळीकडे फिरवा आणि तीन प्रकार मोजा: एकच पिक्सेल पांढरा, तीन पांढरे, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले फक्त दोन पांढरे. आठ शेजाऱ्यांची जोडणी धरत असाल तर पहिल्यातून दुसरा वजा, त्यातून तिसऱ्याची दुप्पट वजा, भागिले ४. हे उत्तर म्हणजे तुकडे वजा भोकं. म्हणून तुकड्यांची संख्या या उत्तराहून कमी असूच शकत नाही. कमी आली तर लेबलिंग चुकलं. भोकं जास्त असलेल्या चित्रात हा नियम सैल पडतो, पण तीन मोजण्यांच्या बदल्यात एवढं मिळतंय ते सोडू नये.

मीडियन फिल्टरला (शेजारच्या नऊ पिक्सेलांतलं मधलं मूल्य घेणाऱ्या) असा स्वस्त ताळा नाही. नऊपैकी मधला आहे हे सिद्ध करायला १८ तुलना लागतात आणि मूळ सर्किटमध्ये तुलना-अदलाबदलीची जागाच १९ असते. तिथे दर सोळावा पिक्सेल तपासून समाधान माना.

कायमचे बिघाड, म्हणजे एखादी डेटा लाइन ० ला किंवा १ ला चिकटणं, शोधायला सर्वांत स्वस्त सर्किट दोन रजिस्टरांचं आहे. एकात सगळ्या पिक्सेलांचा ‘ऑर’ (एकातही १ असेल तर १) साठवत जा, दुसऱ्यात ‘अँड’ (सगळ्यांत १ असेल तरच १). ऑरमध्ये एखादा बिट ० च राहिला तर तो शून्याला चिकटलाय, अँडमध्ये १ राहिला तर एकला. शेजारच्या बिटांच्या एक्सऑरचा (दोन बिट वेगळे असतील तर १) ऑर साठवला तर एकमेकींना चिकटलेल्या लाइनही सापडतात. खालच्या बिटांचा निकाल एका फ्रेममध्ये लागतो, कारण नॉइज त्यांना हलवत राहतो. वरच्या बिटांना वेळ द्यावा लागतो. अंधाऱ्या दृश्यात ते खरोखरच शून्य असतात.

आतल्या सर्किटसाठी व्हर्टिकल ब्लँकिंगचा, म्हणजे दोन फ्रेममधला रिकामा, वेळ वापरा. प्रमाणित १०८०पी टायमिंगमध्ये ११२५ ओळींपैकी ४५ रिकाम्या असतात. ३० फ्रेमला हा वेळ १.३३ मिलिसेकंद होतो. एलएफएसआरमधून (यादृच्छिक भासणारे पण दर वेळी तेच आकडे देणाऱ्या साध्या सर्किटमधून) यादृच्छिक पिक्सेलांच्या आठ-दहा पूर्ण लांबीच्या ओळी पाइपलाइनमधून सोडा, बाहेर सीआरसी काढा आणि आधी काढून ठेवलेल्या उत्तराशी ताडा. ओळी पूर्ण लांबीच्या हव्यात, नाहीतर लाइन बफरचे शेवटचे पत्ते कधीच तपासले जाणार नाहीत. दोन गोष्टी इथे हमखास बिघडतात. चाचणीच्या ओळी लाइन बफरमध्ये उरतात आणि पुढच्या फ्रेमच्या पहिल्या दोन ओळींत कचरा दिसतो, म्हणून शेवटी बफर धुऊन काढा. आणि ऑटो-एक्स्पोजरची आकडेमोड त्या वेळी बंद ठेवली नाही तर चित्राचा उजेड विनाकारण खाली-वर होतो.

जो भाग प्रोसेसरवर चालतो तिथे नमुना म्हणून पुन्हा गणित करा. ६४×६४ च्या चौकटी पाडल्या तर फ्रेममध्ये ३०×१७ म्हणजे ५१० होतात. दर फ्रेमला पाच चौकटी पुन्हा केल्या की खर्च एक टक्का, आणि १०२ फ्रेममध्ये, म्हणजे ३.४ सेकंदांत, सगळं चित्र तपासून होतं. क्षणिक चूक यात सापडण्याची शक्यता शंभरात एक, त्यामुळे हा उपाय कायमच्या बिघाडासाठीच. पुन्हा करताना दुसऱ्या कोअरवर करा, किंवा निदान चौकट आणि गुणक दोन्ही आडवे-उभे पालटून करा. तेच गणित त्याच कोअरवर त्याच क्रमाने केलं तर गुणाकाराचं बिघडलेलं सर्किट दोन्ही वेळा तेच चुकीचं उत्तर देईल आणि तुलना आनंदाने ‘बरोबर’ म्हणेल.

फ्लोटिंग पॉइंटमध्ये (दशांश संख्यांच्या गणितात) ताळा ठेवायचा असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. ३२ बिटी फ्लोटमध्ये पूर्णांक १,६७,७७,२१६ पर्यंतच सलग अचूक राहतात. एका ओळीची बेरीज जास्तीत जास्त ४,८९,६०० होते, ती आरामात मावते. अख्ख्या फ्रेमची मावत नाही. ओळीपुरती बेरीज फ्लोटमध्ये आणि ओळींची बेरीज ६४ बिटी पूर्णांकात करा.

चूक सापडल्यावर काय करायचं, हे आधी लिहून ठेवा. पहिल्यांदा सापडली तर पट्टी पुन्हा चालवा. दुसऱ्यांदा ताळा जुळला तर क्षणिक होती, मोजणीत एक वाढवा आणि पुढे चला. लागोपाठ तीनदा जुळला नाही तर कायमची समजून कॉन्फिगरेशन पुन्हा भरा. फ्रेम टाकून मागचीच दाखवायची असेल तर तिच्यावर ‘जुनी’ असा शिक्का हवाच, नाहीतर गोठलेल्या फ्रेमचा बिघाड तुम्हीच तयार कराल.

शेवटी पहारेकऱ्याची परीक्षा. तुलना करणारं सर्किटच ‘ठीक’ ला चिकटलं तर सगळं व्यर्थ. म्हणून काही फ्रेममागे एकदा ब्लँकिंगमध्ये मुद्दाम चुकीचा ताळा पाठवा आणि घंटा वाजते का ते पाहा. विकासाच्या काळात गुणक, पत्ते, लाइन बफर, पिक्सेल अशा गटांमध्ये यादृच्छिक बिट उलटवून चार रकाने भरा: परिणाम झाला नाही, पकडली गेली, निसटली, पाइपलाइन अडकली. चौथ्या रकान्यासाठी वॉचडॉग (वेळेवर लक्ष ठेवणारा टायमर) लागतो, आणि तो फ्रेम उशिरा आल्यावर तसाच लवकर आल्यावरही वाजला पाहिजे. परिणाम करणाऱ्या ३०० चुका घालून एकही निसटली नाही, तर निसटण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. आयएसओ २६२६२ या गाड्यांच्या सुरक्षिततेच्या मानकात वरच्या श्रेणीच्या कव्हरेजला (पकडल्या जाणाऱ्या बिघाडांच्या प्रमाणाला) ९९ टक्के लागतात, तेव्हा तीनशेचा हा आकडा प्रत्येक गटाला वेगळा धरा. सगळे गट एकत्र मोजले तर पिक्सेलांच्या ढिगाऱ्याखाली गुणकांमधल्या निसटलेल्या चुका दिसणारच नाहीत.